कांद्याचे ठसे, कणकेच्या चिमण्या

आश्विनाचा कृष्णपक्ष लागला, की लासलगावच्या बाजार समितीच्या आवारातली वर्षभराची लगबग हळूहळू ओसरू लागते. चाळींतला उरलासुरला उन्हाळ कांदा बाहेर निघालेला असतो, खरिपाच्या लाल कांद्याचे पहिले ट्रॅक्टर विंचूर-चांदवडच्या रस्त्यांवर दिसू लागलेले असतात, आणि नेमक्या याच संधिकाळात व्यापारी वहीपूजनाच्या तयारीला व हमाल-मापारी आपापल्या घरच्या सणाला लागल्यामुळे लिलाव काही दिवस बंद राहतात. १९४७ साली स्थापन झालेली आणि आशिया खंडातील कांद्याची सर्वांत मोठी पेठ म्हणून ख्याती पावलेली ही समिती ज्या दिवशी भाव काढते, त्या दिवशी त्या भावाची वार्ता दिल्लीपर्यंत पोचते. परंतु भाव न निघणाऱ्या या दिवसांत गावातल्या ओसऱ्यांवर आणि अंगणांत जे चालते, त्याची नोंद ठेवणारे दप्तर कोणत्याही कचेरीत नाही. अंगणवाड्या आणि बालवर्ग सुटीवर गेलेले, घरातल्या बायका फराळाच्या आणि साफसफाईच्या रगाड्यात, पुरुषमंडळी बऱ्याच दिवसांनी दिवसाउजेडी घरात, आणि या सर्वांच्या पायांत पायांत घोटाळणारी दोन ते सहा वर्षांची मुले, असा तो एकंदर मामला असतो.

या मुलांना गुंतवावे कसे, हा प्रश्न लासलगावात जितका खरा आहे तितकाच तो पुण्यात किंवा परदेशी गेलेल्या मराठी बिऱ्हाडांतही खरा आहे. आणि बाजाराने त्यावर एक सोयीस्कर उत्तर काढून ठेवलेले आहे. छापील रेषा, कापून ठेवलेले तुकडे, चिकटवण्यापुरती जागा आणि वर तयार वस्तूचे रंगीत चित्र असलेली खोकी आता तालुक्याच्या दुकानांतही मिळतात. मूल ते खोके अर्ध्या तासात संपवते, किंवा अधिक वेळा अर्ध्या तासात त्याची आई ते संपवते, आणि आकाशकंदील, पणती किंवा शुभेच्छापत्र अगदी खोक्यावरल्यासारखे तयार होते. या व्यवहारात मुलाच्या वाट्याला काय आले याची रुजुवात सहसा कोणी घालीत नाही. सहा वर्षांखालच्या मुलाला तयार वस्तूचे फारसे सोयरसुतक नसते. त्याचे सर्वस्व त्या करण्यात, चिवडण्यात, दाबण्यात आणि पुन्हा करण्यात असते. हे एकदा मान्य केले, की सणाच्या दिवसांत मुलांकडून कलाकाम करून घेण्याची सारी तजवीज बदलते, ती पुष्कळ स्वस्त होते, आणि लासलगावसारख्या गावात तर तिच्यासाठी दुकानाची पायरीही चढावी लागत नाही.

अंगणात आलेली शाळा

साधनांवाचून बालशिक्षण अडत नाही, हा विचार महाराष्ट्राला परका नाही. जर्मनीत फ्रीड्रिख फ्रोबेल याने १८३७ साली ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी जी शाळा काढली, आणि जिला पुढे बालोद्यानाचे नाव मिळाले, तिथे कागदाला घड्या घालणे, पट्ट्या विणणे आणि माती मळणे या गोष्टींना अभ्यासाचा दर्जा होता. पुढे १९०७ साली रोममध्ये मारिया माँटेसरी यांनी आपले बालगृह उघडले, त्यांचा विचार गुजरातेत पोचला, आणि गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरच्या दक्षिणामूर्तीत बालमंदिर सुरू केले. तिथे त्यांना येऊन मिळालेल्या ताराबाई मोडक या मराठी विदुषीने १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाच्या स्थापनेत भाग घेतला, आणि १९४५ साली त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी गावी ग्रामबालशिक्षण केंद्र काढून बसल्या. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या.

बोर्डीला जे घडले ते या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. बालवाडी उघडी होती, पण ज्यांच्यासाठी ती उघडली होती त्या वस्त्यांतली मुले तिकडे फिरकेनात. तेव्हा या दोघींनी मुलांना बोलावण्याचा आग्रह सोडून बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. माँटेसरींची घासूनपुसून गुळगुळीत केलेली लाकडी साधने तिथे परवडण्यासारखी नव्हती, आणि म्हणून शिंपले, खडे, बिया, पाने, काड्या, माती असा आसपासचाच मालमसाला शिक्षणाच्या कामी लागला. पुढे कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी मुलांमध्ये, हेच काम दोघींनी आणखी विस्ताराने केले. ताराबाई १९७३ साली व अनुताई १९९२ साली निवर्तल्या. केंद्र सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा गावोगावच्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ हे नाव मिळाले. आज लासलगावच्या वस्तीवस्तीत जी अंगणवाडी भरते, तिच्यामागे बोर्डीचे ते अंगण आहे.

त्या अंगणाचा धडा असा, की कलासाहित्य मुलाच्या परिसरातून निवडावे. बोर्डीला जे शिंपल्यांनी आणि बियांनी केले, ते लासलगावच्या निफाड तालुक्यात कशाने करावे याचा विचार करू लागले, की पहिली नजर अर्थातच कांद्याकडे जाते.

कांदा उभा आणि आडवा

व्यापाऱ्यांच्या खळ्यांवर कांद्याची निवड चालते तिथे पापुद्र्यांचा खच पडलेला असतो. गुलाबी, तांबूस, जांभळट, तपकिरी, वाऱ्याच्या झुळकीबरोबर भिंतीच्या कडेला जाऊन साचणारा. निवडीला बसलेल्या बायांची लहान मुले त्या ढिगांत खेळत असतात. मोठ्यांच्या लेखी हा केर आहे. परंतु कांद्यात दोन स्वतंत्र कलाकामे दडलेली आहेत: एक त्याच्या गराचे आणि दुसरे त्याच्या सालीचे.

पहिले काम ठशांचे. कांदा आडवा चिरला, की एकात एक वर्तुळे मिळतात. तोच शेंड्यापासून मुळापर्यंत उभा चिरला, की खाली फुगीर आणि वर निमुळती होत गेलेली आकृती मिळते आणि तिचा कागदावर उमटलेला ठसा दिव्याच्या ज्योतीच्या पुष्कळ जवळ जातो. दिवाळीसाठी याहून सोपा आणि याहून नेमका ठसा शोधून सापडणार नाही. उभा कांदा चिरताना मुळाकडचा भाग कापून टाकू नये, कारण सगळे पापुद्रे त्यानेच एकत्र धरलेले असतात. तो गेला, की दोन दाबांत कांदा सुटा होतो. चिरलेली फोड जुन्या धोतराच्या तुकड्यावर घडीभर पालथी ठेवावी, म्हणजे रस टिपला जातो, रंग पसरत नाही आणि मुलांच्या डोळ्यांची चुरचुरही कमी होते. ताटलीत कापडाची चौपदरी घडी ठेवून तिच्यात पातळ केलेला गेरू मुरवला, की शाईची गादी तयार होते. शेजारी भेंडीचा आडवा काप असला तर पाच पाकळ्यांचे फूल उमटते, आणि दोडक्याचा असला तर कंगोऱ्यांची चकती.

स्टेशनच्या वाटेवरल्या एका घराच्या ओसरीवर हा उद्योग चालू असलेला जवळून पाहायला मिळाला. साडेतीन वर्षांची नात, फराळाच्या मधल्या वेळात टेकलेली आजी, आणि जुन्या दिनदर्शिकेची उलटी अंथरलेली पाने. मुलीने पहिला ठसा उमटवला, कांदा उचलून त्याच्या पोटाकडे पाहिले, मग कागदाकडे पाहिले, आणि दुसरा ठसा पहिल्याच्या अर्ध्या अंगावर दाबला. मग तिने एक गोष्ट सुरू केली. पुन्हा रंग न लावता ती त्याच कांद्याने एकामागून एक ठसे उमटवीत गेली, आणि प्रत्येक ठसा आधीच्यापेक्षा फिका होत शेवटी कागदावर नुसती ओल उमटेपर्यंत थांबली नाही. तिथे ती हसली. रंग संपतो, आणि तो हळूहळू संपतो, हा शोध तिने स्वतःच्या हाताने लावला होता. इतक्यात तिचा काका आला आणि दिवे नेहमी ओळीत असतात हे तिला दाखवण्यासाठी त्याने कागदावर पट्टीने रेघ मारून दिली. “या रेघेवर लाव बरं,” तो म्हणाला. मुलीने रेघेवर दोन ठसे लावले, काकाकडे पाहिले, तिसरा अर्धवट टेकवला आणि हात कपड्याला पुसून ती मांजरामागे निघून गेली. आजी सोऱ्यात चकलीचे पीठ भरता भरता एवढेच म्हणाली, “चांगली खेळत होती बाबा. तिचं तिला करू द्यायचं ना.”

काकाच्या हेतूत काही वावगे नव्हते. त्याची चूक एवढीच, की मूल काय करीत आहे हे पाहण्याआधी मूल काय करीत नाही हे त्याने पाहिले.

सालीचा रंग

कांद्याच्या सालीतला रंग जुन्या रंगाऱ्यांना चांगला ठाऊक होता. लाल कांद्याच्या कोरड्या साली ओंजळभर घेऊन दोन भांडी पाण्यात मंद आचेवर उकळल्या, पाणी निम्म्यावर आले की उतरवून गाळले, तर गडद तपकिरी काढा मिळतो. त्यात चिमूटभर तुरटीची पूड टाकली तर तो उजळून सोनेरी-पिवळ्याकडे झुकतो, कारण सालीतले क्वेर्सेटिन नावाचे रंगद्रव्य तुरटीतल्या ॲल्युमिनियमशी बांधले जाते. आणि तोच काढा लोखंडी कढईत केला तर लोहाच्या संयोगाने त्याला काळपट हिरवी झाक येते. उकळण्याचे काम अर्थातच मोठ्यांचे. निवलेला रंग वाटीत ओतून, हाती कापसाचा बोळा किंवा दाढीचा जुना ब्रश दिला, की दोन वर्षांचे मूलसुद्धा पांढऱ्या चिंधीवर किंवा कागदावर मनसोक्त चालवू शकते. दुकानी रंगाइतका तो भडक नसतो, आणि तो तसा नसावा हेच बरे; थर वाढवत गेले तर रंग गडद होतो, हे मुलाला त्यातून आपोआप कळते.

चार-पाच वर्षांच्या मुलासाठी हळदीचा प्रयोग याहून रंजक आहे. हळदीचे दाट पाणी कागदावर फासून तो सावलीत वाळवावा. मग खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून ते पाणी वाटीत द्यावे आणि त्यात बोट बुडवून पिवळ्या कागदावर काय वाटेल ते काढायला सांगावे. नितळ पाण्याची रेघ कागदाला लागताच तांबडी होते. हळदीला क्षार लागला की ती लाल होते, या एकाच गुणावर घरगुती कुंकवाची जुनी कृती उभी होती, आणि ज्या आजीने ते कुंकू केलेले पाहिले असेल तिने ही हकिकत नातवंडाला सांगायला हरकत नाही. त्या तांबड्या रेघेवर लिंबाची फोड फिरवली, की ती पुन्हा पिवळी पडते. कुंकवासाठी पूर्वी चुना वापरीत. परंतु चुना डोळ्यांत गेला तर भाजतो, म्हणून मुलांच्या हाती तो कदापि देऊ नये.

कणीक, माती आणि किल्ला

करंज्या लाटत असताना पायाशी येऊन बसणाऱ्या मुलाच्या हाती कणकेचा गोळा ठेवण्याची आणि ‘कर बरं चिमणी’ म्हणण्याची चाल आपल्या घरांत केव्हापासून आहे हे कोण सांगणार? अमेरिकेत १९५०च्या दशकात भिंतीवरचा कागद साफ करण्यासाठी बनवलेला एक लगदा मुलांच्या मातकामासाठी डबीत भरून विकला जाऊ लागला, आणि आज त्याच जातीच्या रंगीत डब्या आपल्याकडेही मुले वाढदिवसाला मागतात. पण त्या लगद्याने जे साधते ते सगळे आपल्या परातीत आधीपासून होते. दोन वाट्या कणीक, एक वाटी मीठ, चमचाभर तेल, हळदीचे किंवा बिटाचे पाणी घालून घट्ट मळलेला गोळा डब्यात झाकून ठेवला तर काही दिवस टिकतो. एक सावधगिरी मात्र बाळगावी: अंगभर मीठ असलेला हा गोळा खाण्याचा नव्हे, आणि जे मूल अजून प्रत्येक वस्तू तोंडात घालते त्याला बिनमिठाची ताजी कणीकच द्यावी.

गोळा दाबणे, वळणे, चिमटीने ओढणे या क्रियांनी अंगठा आणि पहिल्या दोन बोटांना जे बळ येते, तेच पुढे पेन्सिल धरण्याच्या कामी येते. म्हणून तीन वर्षांच्या मुलाला अक्षरे गिरवायला लावण्याची घाई झालेल्या पालकाने त्याला आधी कणीक तिंबायला द्यावी. पणत्या वळणे हे पाच वर्षांच्या मुलाला सहज जमते: गोळ्यात अंगठा रुतवला आणि फिरवला, की पणती झाली. ती वाकडी असते, तिच्यात तेल ठरेलच असे नाही, आणि लक्ष्मीपूजनाच्या पाटावर तिला जागा मिळाली तर लक्ष्मी नाराज होईल असे कोणत्याही शास्त्रात लिहिलेले नाही.

मातीचे दुसरे प्रकरण किल्ल्याचे. दिवाळीतला किल्ला हा मोठ्या मुलांचा प्रांत समजला जातो आणि त्यात लहानग्यांना ‘पाणी आण, माती आण’ यापलीकडे मुभा नसते. वस्तुतः गोदावरीच्या खोऱ्यातल्या या काळ्या, चिकट, भिजली की हाताला लोण्यासारखी लागणाऱ्या मातीत सर्वाधिक रमतात ती तीन वर्षांचीच मुले. त्यांच्यासाठी मोठ्या किल्ल्याशेजारी एक हातभर जागा वेगळी काढून द्यावी. दगड रचून वर चिखलात बुडवलेले गोणपाट टाकण्याची रीत सर्वत्र आहे, आणि ज्या गावात गोण्यांना तोटा नाही तिथे तर ती फारच सोपी. त्यावर हळीव किंवा मोहरी पेरली, की चार-पाच दिवसांत हिरवळ उगवते, आणि रोज सकाळी उठून ती किती वाढली हे पाहणे हा मुलाचा सणातला एक कार्यक्रमच होतो. उत्तरेला सातमाळ्याची रांग आहे. चांदवड, इंद्राई, राजदेर, धोडप ही तिच्यातली नावे. मनमाडजवळ अंकाई-टंकाईची जोडी आहे. त्यांपैकी एखादा किल्ला दुरून का होईना मुलाला दाखवला, तर त्याचा चिखलाचा ढीग त्याच्या लेखी धोडप होतो, आणि त्यावर बैलही चढतो, मोटारही चढते, आणि मावळ्याच्या शेजारी प्लॅस्टिकचा सिंह पहारा देतो. या बेशिस्तीत इतिहासाचे काही बिघडत नाही.

कागद, खळ आणि कंदील

फाडणे हे मुलाचे पहिले कागदकाम आहे. दीड-दोन वर्षांच्या मुलाला कात्री देता येत नाही, पण जुने वर्तमानपत्र फाडायची सनद त्याला अवश्य द्यावी. दोन्ही हातांच्या चिमटी उलट दिशांना ओढण्याची ही क्रिया दिसते त्यापेक्षा कठीण आहे. फाडलेले तुकडे कागदावर आडवेतिडवे चिकटवले, की त्याचे चिकटचित्र पुरे झाले. तीन वर्षांच्या मुलासाठी पतंगाचा कागद घ्यावा. शेजारच्या येवल्यात संक्रांतीला पतंगांची जी धूम असते ती सर्वश्रुत आहे, आणि त्या कागदाचे उरलेले ताव या भागात मिळायला अडचण पडत नाही. त्याचा रंग कच्चा असतो. तुकडे पांढऱ्या कागदावर मांडून वर पाणी शिंपडले आणि वाळल्यावर ते उचलले, तर खाली रंगांचे डाग एकमेकांत मिसळून उमटलेले दिसतात. कांद्याच्या जाळीदार पिशवीचा तुकडा कागदाखाली ठेवून वरून आडवा धरलेला मेणखडू फिरवला, तर जाळीची नक्षी कागदावर येते, आणि हे पहिल्यांदा पाहणारे मूल कागद उचलून खाली कोण आहे हे तपासते.

आकाशकंदील पाच वर्षांच्या मुलाला जमतो. घोटीव कागदाचा आयत लांबीत दुमडावा, दुमडीकडून कडेपर्यंत न पोचणारे काप द्यावेत, घडी उलगडून कागदाची नळी करावी आणि टोके चिकटवावीत. मधला भाग फुगतो आणि कंदील उभा राहतो. काप वेडेवाकडे गेले तरी चालते. आत दिवा लावायचाच असेल तर विजेचा लहानसा थंड दिवा, आणि तोही मोठ्यांनी.

चिकटवण्यासाठी घरची खळ उत्तम. दोन चमचे मैदा थंड पाण्यात कालवून मंद आचेवर चमकदार होईस्तोवर ढवळला, की झाले काम. येथे एक इशारा देणे प्राप्त आहे. बुकबांधणीसाठी किंवा कंदिलाच्या धंद्यासाठी केलेल्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालण्याची पद्धत आहे. मोरचूद हे विष आहे. बोटे चाटणाऱ्या मुलांसाठी रोज ताजी, मोरचुदाविना केलेली खळ घ्यावी आणि उरलेली संध्याकाळी टाकून द्यावी.

बंदोबस्त

बाकीचा बंदोबस्त थोडक्यात सांगण्यासारखा आहे. तीन वर्षांच्या आतल्या मुलापुढे मणी, चिंचोके, टिकल्या, गोट्या असे घशात अडकण्याजोगे काहीही ठेवू नये. बाजारी रांगोळी ही दगडाची पूड आहे, ती फुंकण्यासाठी किंवा उधळण्यासाठी नव्हे. लहान मुलाला खडूने काढलेल्या चौकटीत झेंडू-शेवंतीच्या पाकळ्या पसरायला द्याव्यात, म्हणजे सकाळच्या सड्यानंतर आईची रांगोळी उंबऱ्यापुढे आणि त्याची शेजारी, असा दोघांचाही मान राहतो. चमकी डोळ्यांत जाते, ती टाळावी. थर्मोकोलच्या सजावटीच्या सामानावर महाराष्ट्र शासनाने २०१८ साली बंदी घातलेली आहे, आणि त्याचे पांढरे दाणे मुलांच्या नाकाकानांत जातात हे ध्यानी घेतले, तर तो हुकूम नसता तरी ते घरात आणू नये असेच म्हणावे लागेल. रंगवलेली पणती पुरती वाळल्याखेरीज पेटवू नये, आणि पेटलेल्या पणतीच्या हाताच्या अंतरावर मुलाचे रंगकाम मांडू नये.

जागा ठरावीक असावी. ओसरीचा एक कोपरा, खाली गोणपाट, हात पुसायला ओले फडके, अंगात जुना सदरा. एवढी व्यवस्था केली, की ‘हे सांडू नको, ते लावू नको’ या फर्मानांची गरज राहत नाही. साहित्य एका वेळी एकच ठेवावे. पाच रंग, ठसे, कणीक आणि कागद एकदम मांडले, तर मूल कशातच शिरत नाही. वेळ मुलावर सोपवावी. दोन वर्षांचे मूल सात-आठ मिनिटांत उठेल आणि पुन्हा अर्ध्या तासाने येऊन बसेल. त्याने काम सोडले असे समजून पसारा लगेच आवरू नये.

रेघोट्यांचा अर्थ

मूल कागदावर काय काढते यावर गेल्या शतकात पुष्कळ अभ्यास झाला. ऑस्ट्रियातून अमेरिकेत गेलेल्या व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ साली मुलांच्या चित्रांतल्या विकासाचे टप्पे मांडले, आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या रोडा केलॉग यांनी लहान मुलांची लाखो चित्रे जमवून त्यांतल्या मूळ रेघोट्यांचे वीस प्रकार वेगळे केले. तपशिलाबद्दल अभ्यासकांत मतभेद असतील. परंतु एक क्रम सर्वत्र दिसतो. आधी हात मागेपुढे चालतो आणि रेघोट्या होतात; मग हात गोल फिरू लागतो; मग एखादे वर्तुळ बंद होते; मग त्याला किरणे फुटून सूर्य होतो; आणि एके दिवशी त्या सूर्याची दोन किरणे लांबून पाय होतात, आत दोन डोळे येतात, आणि धड नसलेला, डोक्यालाच पाय फुटलेला पहिला माणूस कागदावर उभा राहतो. मुंबईचे मूल असो वा लासलगावचे, या वाटेने ते स्वतःहून जाते. त्याला कोणी शिकवावे लागत नाही, आणि मधल्या पायऱ्या गाळून त्याला वरच्या पायरीवर उचलून ठेवताही येत नाही.

आपण मात्र नेमके तेच करू पाहतो. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, काठाला झोपडी आणि नारळाचे झाड हे चित्र निफाड तालुक्यातल्या मुलाच्याही वहीत असते, जिथे नारळापेक्षा द्राक्षाचा मांडव आणि कांद्याची चाळ त्याने हजारदा अधिक पाहिलेली असते. हे चित्र मुलाने पाहिलेले नसून त्याला कोणीतरी शिकवलेले असते, आणि ते एकदा हातात बसले, की मूल स्वतःचे पाहणे सोडून देते. रंगभरणाच्या वह्यांचेही तेच. रेषेबाहेर रंग जाऊ न देण्याची शिस्त पुढे कधीतरी लागते, पण तीन वर्षांच्या मुलाला तिचा पहिला धडा देण्याचे कारण नाही. सणासुदीच्या स्पर्धांबद्दल याहून वेगळे काय सांगावे? तीन ते पाच वर्षांच्या गटाचे पहिले बक्षीस बहुतेक वेळा आईला मिळते, आणि मुलाला ते घेऊन व्यासपीठावर उभे केले जाते.

मुलाशी बोलावे कसे, हेही शिकण्यासारखे आहे. ‘हे काय काढलंस?’ असे विचारले, की मुलाला उत्तर द्यावेच लागते, आणि ज्याला काहीच काढायचे नव्हते, केवळ खडू फिरवायचा होता, ते मूल आपल्या समाधानासाठी ‘हत्ती’ म्हणून मोकळे होते. त्यापेक्षा आपण जे पाहिले तेच बोलावे: ‘तू खूप जोरात खडू दाबलास’, ‘हा तांबडा अगदी कोपऱ्यापर्यंत गेला’. ‘छान छान’ असे सरसकट म्हणण्यानेही मूल चित्र सोडून आपल्या तोंडाकडे पाहू लागते. मोबाइलवर फोटो काढण्याची घाईही काही वेळ आवरावी. काम चालू असताना कॅमेरा समोर आला, की मूल काम थांबवून हसते.

परंपरेने हे भान राखले होते. पोळ्याला बैलांच्या अंगावर गेरूचे थापे उमटवताना घरातल्या धाकट्याचाही हात रंगात बुडवला जात असे, आणि तो थापा वाकडा पडला म्हणून कोणी पुसला नाही. कुंभाराकडून आणलेल्या बैलांच्या शेजारी मुलाने वळलेला तीन पायांचा बैलही पूजेला बसे. सणातले काम सर्वांचे, आणि सर्वांच्या हाताला जेवढे येईल तेवढे ते चांगले, हा तिथला न्याय होता.

म्हणून या दिवाळीत लासलगावकरांना, आणि लासलगावचा कांदा ज्यांच्या घरी जातो त्या सर्वांना, एवढीच विनंती आहे. फराळासाठी कांदा चिराल तेव्हा दोन फोडी बाजूला ठेवा, साली केरात टाकण्याआधी मूठभर उकळा, कणकेतला एक गोळा खाली द्या आणि ओसरीचा कोपरा मोकळा करा. जे तयार होईल ते भिंतीवर लावा. मागच्या बाजूला तारीख घाला आणि मुलाने त्याविषयी आपणहून काही सांगितले असेल तर तेवढेच त्याच्या शब्दांत लिहा. त्यात दुरुस्ती मात्र करू नका.